बलूनमध्ये बसायला जागा नसते

पत्र: "आमच्या लग्नाला पस्तीस वर्षं होतायत म्हणून लेकीनं आम्हा दोघांसाठी हॉट एअर बलूनची राइड बुक केली आहे. मी चौथ्या मजल्याच्या गॅलरीत कपडे वाळत घालतानासुद्धा कठडा सोडत नाही. यजमानांचा उजवा गुडघा आठ महिन्यांपूर्वी बदललाय, पण ते म्हणतात, 'नुसतं बसून तर राहायचंय, त्यात काय?' शिवाय जावई म्हणाले, बलूनला स्टिअरिंगच नसतं. मग तो जातो कुठे आणि उतरतो कुठे? डोक्यावर उघडा जाळ, पायाखाली काही नाही. लेकीचं मन मोडवत नाही आणि माझा जीव धजत नाही. तिथे नेमकं काय होतं, एकदा नीट सांगाल का? आणि घालायचं काय? — धास्तावलेली"

धास्तावलेल्या ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात धोक्याचं वाक्य तुमच्या यजमानांचं आहे. 'नुसतं बसून तर राहायचंय.' ताई, बलूनमध्ये बसायला जागाच नसते. वेताची टोपली, तिच्या भिंती साधारण छातीपर्यंत, आणि आत सगळे उभे. टोपली मोठी असेल तर आत भिंती घालून कप्पे केलेले असतात. एकेका कप्प्यात चार-पाच माणसं, मधल्या कप्प्यात पायलट आणि गॅसच्या टाक्या. बहुतेक टोपल्यांना दार नसतं. बाहेरच्या बाजूला पाय रोवायला भोकं ठेवलेली असतात, त्यांत पाय अडकवून वर चढायचं आणि कठड्यावरून पाय टाकून आत उतरायचं. बाहेर येताना तेच उलट. हवेत साधारण तासभर जातो, तो सगळा उभ्यानं. जमणं, फुगा फुगवणं, उतरल्यावर तो गुंडाळणं आणि परत येणं धरलं तर तीन-चार तास सहज मोडतात. टोपलीत स्वच्छतागृह नसतं हेही सांगून ठेवते, कारण हे विचारायला लोक लाजतात आणि मग तासभर त्याच विचारात घालवतात.

बोलावतात भल्या पहाटे, बहुधा अंधारातच. त्यावर कुरकुर करू नका. ऊन चढलं की जमीन तापते, तापलेली हवा जागोजागी वर उसळायला लागते आणि वारा लहरी होतो. सूर्योदयाच्या आसपास हवा थंड असते, शांत असते. काही जण सूर्यास्ताच्या आधीच्या दोनेक तासांतही उडवतात. पण भर दुपारी, कडक उन्हात कुणी प्रवाशांना मोकळ्या आकाशात न्यायला निघाला असेल तर खुशाल पाठ फिरवा.

मैदानावर पोहोचाल तेव्हा टोपली आडवी पडलेली असेल आणि तिच्यापुढे लांबलचक कापड पसरलेलं. आधी मोठ्या पंख्यानं त्यात थंड हवा भरतात. दोघं जण फुग्याचं तोंड ताणून धरतात, कापड फडफडतं, आणि बघता बघता लग्नाच्या मांडवाएवढी पोकळी जमिनीवर लोळायला लागते. मग पायलट आडव्या टोपलीतूनच बर्नर पेटवतो. जाळ थेट त्या पोकळीत घुसतो, आतली हवा तापते आणि फुगा सावकाश डोकं उचलतो. तो सरळ झाला की टोपलीही उभी राहते. एवढा वेळ रेंगाळलेल्या सगळ्या कारभाराला इथे अचानक घाई सुटते. चला, चढा, तुम्ही या कप्प्यात, तुम्ही त्या. कारण उभा राहिलेला फुगा वाऱ्यात फार वेळ धरून ठेवता येत नाही. सुरक्षेच्या सूचना याच्या आधीच देतात. तेव्हा फोटो काढत बसू नका, कान देऊन ऐका.

आता तुमची गॅलरी. जमीन सुटली हे बऱ्याच जणांना कळतच नाही. धक्का बसत नाही, लिफ्टसारखं पोटात खड्डा पडल्याचं वाटत नाही. दोर सोडणारा माणूस आता आपल्या पायाच्या खालच्या पातळीवर आहे हे दिसतं, तेव्हा लक्षात येतं. गॅलरीत उभं राहिल्यावर नजर इमारतीच्या भिंतीवरून घसरत थेट जमिनीपर्यंत जाते आणि तिथेच डोकं गरगरतं. बलूनमधून खाली जाणारी अशी भिंतच नसते. खालचं सगळं दूरवर पसरलेलं दिसतं, उंचीचा काठ असा डोळ्यांसमोर येत नाही. म्हणून शिडीवर चढायला घाबरणारी पुष्कळ माणसं बलूनमध्ये निवांत असतात. सगळीच असतात असं मात्र मी लिहून देणार नाही. पहिली पाच-दहा मिनिटं दूर, क्षितिजाकडे बघा. आतल्या दोराच्या कडीला हात असू द्या. वाकून खाली बघायची सक्ती कुणी करत नाही. एक गोष्ट मात्र आधीच मनाशी पक्की करून जा. घाबरल्यावर 'मला आत्ता उतरवा' असं म्हणता येत नाही. उतरायला मोकळी जागा समोर यावी लागते आणि ती पायलटच्या हुकमानं येत नाही.

वाराही लागत नाही, याचं सगळ्यांना नवल वाटतं. आपण वाऱ्याबरोबरच चाललेले असतो, त्यामुळे ताशी पंधरा किलोमीटरनं जाणाऱ्या बलूनमध्ये केसही भुरभुरत नाहीत. हवेच्या एका थरातून दुसऱ्या थरात शिरताना क्षणभर झुळूक येते, पुन्हा सगळं स्थिर. बर्नर बंद असला की वेताची करकर तेवढी ऐकू येते, आणि बलून कमी उंचीवरून चाललेला असेल तर जमिनीवरच्या माणसांचं बोलणंही. मग पायलट बर्नर उघडतो आणि सगळे दचकतात. खालची कुत्रीसुद्धा. हा आवाज मोठा असतो, तो चालू असताना बोलायच्या भानगडीत पडू नये.

जावयांचं म्हणणं खरं आहे. स्टिअरिंग नसतं. पायलटच्या हातात दोनच गोष्टी असतात, वर जाणं आणि खाली येणं. पण वेगवेगळ्या उंचीवर वारा वेगवेगळ्या दिशेनं वाहत असतो. उत्तर गोलार्धात वर जाऊ तसा तो बहुधा उजवीकडे कलत जातो. पायलट हवा तो वारा शोधत खालीवर होत राहतो आणि अंदाजानं दिशा साधतो. उडण्याआधी तो एक छोटा फुगा आकाशात सोडून बराच वेळ त्याच्याकडे टक लावून बघताना दिसेल. तो खेळ नसतो. कोणत्या उंचीवर वारा कुठे नेतोय याचा तो हिशोब असतो. मोठ्या बलूनच्या कडेला झडपा असतात, त्या उघडून सगळा बलून जागच्या जागी फिरवता येतो. त्यामुळे सगळ्या बाजूंना सगळं दिसतं आणि उतरताना टोपली हवी तशी वळवता येते. उतरणार कुठे हे निघताना नक्की नसतं. म्हणून जमिनीवरून एक गाडी रेडिओवर बोलत बलूनचा माग काढत येते, आणि परतीचा प्रवास त्या गाडीतून होतो.

जाळाचं सांगते. टाक्यांमध्ये प्रोपेन गॅस असतो आणि बर्नरची ज्योत काही मीटर उंच जाते. डोक्याच्या टाळूला चांगलीच धग लागते, उंच माणसाला जास्त. साधी सुती टोपी घातली की काम भागतं. फुग्याचं कापड नायलॉनचं किंवा पॉलिएस्टरचं असतं, ते वितळायला 200 अंश सेल्सिअसच्या वर तापमान लागतं. आतली हवा वरच्या टोकाला साधारण 100 अंशांच्या आसपास ठेवतात आणि तिथलं तापमान पायलटला समोर दिसत असतं. ज्योतीच्या जवळचा, तोंडाकडचा पट्टा नोमेक्ससारख्या आगीला दाद न देणाऱ्या कापडाचा असतो. पॅरिसवरून 21 नोव्हेंबर 1783 ला जी पहिली दोन माणसं दोरानं न बांधलेल्या बलूनमधून उडाली, पिलात्र द रोझिए आणि मार्की दार्लांद, ती पेंढा जाळत गेली होती आणि कापडाला ठिणग्या लागल्या की ओल्या स्पंजानं विझवत होती. तुम्ही ज्या प्रकारच्या बलूनमध्ये चढणार आहात तो त्यामानानं अगदी अलीकडचा. अमेरिकेत एड योस्ट यांनी प्रोपेनच्या बर्नरवर चालणारा आधुनिक बलून उडवला तो 1960 मध्ये.

बुकिंगच्या वेळी वजन विचारतील. खरं सांगा. 15 अंशांची एक घनमीटर हवा सव्वा किलोच्या जराशी आत भरते, 100 अंशांना तापवली की तीच जागा भरायला साडेनऊशे ग्रॅम पुरते. या पावणेतीनशे-तीनशे ग्रॅमच्या फरकावर सगळा खेळ आहे. तीन हजार घनमीटरचा फुगा असला तर आठशे-साडेआठशे किलो उचलता येतं, त्यातच कापड, टोपली, बर्नर, टाक्या, पायलट आणि मग आपण. कुणाला कोणत्या कप्प्यात उभं करायचं हेही वजनावरून ठरतं. तेव्हा तिथे लाजून पाच-दहा किलो खाली सांगण्यात अर्थ नाही.

आणि आता उतरणं. खरं तर मला तुम्हाला एवढंच सांगायचं होतं. उंचीला तुम्ही घाबरताय ते समजतं, पण तयारी करायची आहे ती उतरण्याची.

वारा पडलेला असेल तर टोपली अलगद टेकते, आणि कधी गाडीच्या ट्रॉलीवरच नेमकी उतरवतात, प्रवासी टाळ्या वाजवतात. वारा असेल तर गोष्ट वेगळी. बलूनला ब्रेक नसतात. जमिनीजवळ वारा जितका वेग देईल तितक्या वेगानं टोपली आडवी सरकत येते, टेकते, उसळते, परत टेकते, थोडी फरफटत जाते आणि शेवटी कुशीवर कलंडूही शकते. पायलट फुग्याच्या माथ्यावरची झडप दोरीनं उघडून गरम हवा सोडून देतो, तरी एवढा मोठा फुगा रिकामा व्हायला वेळ लागतो. वारा थोडा असताना टोपली कलंडणं हा अपघात मानत नाहीत. ते अपेक्षितच असतं, आणि वेत यासाठीच वापरतात की तो लवतो, धक्का पितो, मोडत नाही.

उतरायच्या आधी पायलट सगळ्यांना लँडिंगच्या पवित्र्यात यायला सांगतो. हा पवित्रा उडण्याआधी जमिनीवर करून दाखवतात. बहुतेक ठिकाणी तो असा असतो: ज्या दिशेला चाललोय तिकडे पाठ करायची, पाठ आणि डोकं कप्प्याच्या गादी लावलेल्या भिंतीला टेकवायचं, गुडघे थोडे वाकवायचे, पाय जुळवायचे आणि आतल्या दोराच्या कड्या दोन्ही हातांनी घट्ट धरायच्या. कठडा धरायचा नाही, बर्नरचे दांडे किंवा गॅसच्या नळ्या तर नाहीच. हात-कोपर बाहेर काढायचे नाहीत. फोन, कॅमेरा आत टाकून द्यायचा. काही टोपल्यांत उतरण्यापुरतं खाली बसायला बाकडी आणि पट्टे असतात, तिथले नियम वेगळे. पायलट सांगेल ते प्रमाण मानायचं, माझं नव्हे.

या वेळी समोरचं झाड किंवा कुंपण अगदी जवळ आलेलं दिसतं आणि पायलट गप्प उभा असतो. तुम्हाला वाटेल, हा झोपला की काय! बर्नर उघडल्यापासून बलूननं मान उचलेपर्यंत काही सेकंद जातात. त्यानं जाळ आधीच दिलेला असतो, परिणाम आता दिसतो. त्यामुळे आरडाओरडा करून त्याचं लक्ष वेधू नका, आणि हे तुमच्या यजमानांनाही सांगा, कारण बाजूला बसून गाडी चालवायच्या सूचना देणारी माणसं तिथे फार तापदायक होतात.

टेकलो, थांबलो, हुश्श झालं, की लगेच उडी मारून बाहेर पडायचा मोह होतो. अजिबात पडू नका. एक माणूस उतरलं की साठ-सत्तर किलो कमी झाले, आणि फुग्यात अजून गरम हवा असेल तर उरलेले पुन्हा वर निघतात. टोपली आडवी झाली असेल तर पाठीवर पडून आकाशाकडे बघत स्वस्थ राहायचं. पायलट नावानं किंवा कप्प्यानं बोलावेल तसं एकेकानं बाहेर यायचं.

बलूनमधल्या दुखापती बहुतेक याच अर्ध्या मिनिटातल्या असतात, आणि त्यांत पायाचं, घोट्याचं हाड मोडणं नेहमीचं. म्हणून यजमानांच्या गुडघ्याबद्दल मी गुळमुळीत बोलणार नाही. आठ महिन्यांत गुडघा फिरायला, जिना चढायला झकास झाला असेल. इथे काम वेगळं आहे. त्यांच्या सर्जनना 'राइडला जाऊ का' असं विचारलंत तर तेही हसून 'जा की' म्हणतील. प्रश्न असा विचारा: छातीएवढ्या भिंतीवर चढून पलीकडे उतरायचंय, तासभर उभं राहायचंय, गुडघे वाकवून जोराचा धक्का सोसायचाय आणि कदाचित आडवं पडायचंय, बदललेल्या गुडघ्याला हे चालेल का? यावर त्यांनी जर काचकूच केली तर उत्तर मिळालं. माझं विचाराल तर यंदा त्यांनी चढू नये. बलून चालवणाऱ्या कंपन्याही नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांना, गरोदर बायकांना आणि अगदी लहान मुलांना सहसा घेत नाहीत. तिथे गुडघ्याची गोष्ट लपवून चढणं म्हणजे स्वतःच्याच पायावर धोंडा. आणि ताई, तुम्ही वय लिहिलेलं नाही, पण पस्तीस वर्षांचा संसार लिहिलाय. हाडं ठिसूळ असल्याचं कधी निघालं असेल तर डॉक्टरांशी तुम्हीही बोला.

मोठे अपघात होतात का? क्वचित होतात, आणि तेव्हा भयंकर असतात. इजिप्तमध्ये लक्सरला 26 फेब्रुवारी 2013 रोजी बलूनला आग लागून 21 पैकी 19 जण गेले. अमेरिकेत टेक्सासमधल्या लॉकहार्टजवळ 30 जुलै 2016 रोजी बलून विजेच्या तारांना लागला आणि आतले सगळे 16 जण दगावले. तिथे धुकं-ढगांत उडायचा पायलटचा निर्णय आणि गुंगी आणणारी औषधं याकडे चौकशीनं बोट दाखवलं, आणि पुढे 2022 मध्ये प्रवासी नेणाऱ्या बलून पायलटांना तिकडे वैद्यकीय प्रमाणपत्र सक्तीचं झालं. हे घाबरवायला सांगत नाही. तारा आणि खराब हवेत उडायची खुमखुमी हे या धंद्यातले खरे शत्रू आहेत, म्हणून लेकीला कंपनीकडे चौकशी करताना नेमकं हेच विचारायला सांगा: पायलटकडे प्रवासी नेण्याचा परवाना आहे का, विमा आहे का, लँडिंगचा पवित्रा आधी करून दाखवता का, आणि हवेमुळे राइड रद्द केली तर पैसे परत की दुसरी तारीख? शेवटच्या प्रश्नावर जो 'आमची राइड कधीच रद्द होत नाही' असं छातीठोकपणे सांगेल, त्याच्याकडे जाऊ नका.

कारण राइड रद्द होतेच. जमिनीवर वारा ताशी पंधरा-अठरा किलोमीटरच्या वर गेला, धुकं आलं, पाऊस किंवा दूरवर वादळी ढग दिसले, की नाही म्हणतात. कधी तर फुगा अर्धा भरल्यावर. तुम्हाला खाली सगळं छान वाटत असतं आणि वरचा वारा मात्र बिघडलेला असतो. पायलटशी हुज्जत घालू नका. बाहेरगावी जाऊन करणार असाल तर मुक्कामाच्या पहिल्याच सकाळचं बुकिंग करा, म्हणजे हुकलं तरी पुढचे दिवस हातात राहतात.

कपड्यांचं फार मनावर घेऊ नका. सुती, अंगाबरोबरचे, एकावर एक घालता-काढता येणारे. हजार फूट वर गेलं तर तापमान दोनेक अंशच उतरतं, खरी थंडी वाजते ती पहाटे मैदानावर ताटकळताना. ओढणी, मफलर, काहीही लोंबतं नको. पाय झाकणारे, सपाट तळव्याचे बूट हवेत, दवानं भिजतील या हिशोबानं. पर्स गाडीत ठेवा. फोनला गळ्यात अडकवायची दोरी लावा, खाली पडला तर तो कुणाच्या तरी डोक्यावर पडेल.

यजमानांना घरी ठेवायचीही गरज नाही. माग काढणाऱ्या त्या गाडीत सोबतच्या माणसाला बसू देतात का, हे विचारून बघा. पुष्कळ ठिकाणी देतात. फुगा फुगताना समोर उभं राहायला मिळतं, मग रेडिओवरचं बोलणं ऐकत रस्ते शोधत त्याच्यामागे धावायचं, उतरताना टोपलीपाशी पोहोचायचं आणि कापडातली हवा दाबून काढायला हातभार लावायचा. सूचना देण्याची हौसही तिथे ड्रायव्हरवर भागवता येईल. फक्त हे आजच विचारून घ्या. परतीला सगळे प्रवासी त्याच गाडीत कोंबायचे असतात, त्यामुळे जास्तीची जागा एखाददुसरीच असते.